तीन नंबरची बॅटरी

रविवार, २ फेब्रुवारी

गिरमिट,

खर्र… खुर्र. खर्र… खुर्र. आज सकाळपासून कानात तोच आवाज घुमतोय. दोन माणसांची मोठी करवत, एक जण खड्ड्यात, एक वर ओंडक्यावर, आणि भिंतीपलीकडे आमची चौथीची शाळा. गुरुजी कविता म्हणायला लावायचे आणि आम्ही साठ पोरं नकळत करवतीच्या ठेक्यात म्हणायचो. खर्रला एक ओळ, खुर्रला दुसरी. करवत थांबली की आमची ओळही अर्ध्यात थांबायची. मग गुरुजी रूळ घेऊन उठायचे. "कवी थांबला होता का रे? मग तुम्ही का थांबलात?" पहिल्या बाकावरच्यांचे पंजे सुजायचे. मी पहिल्या बाकावर असायचो.

हे तुला शंभरदा सांगून झालंय. तू लहानपणी ऐकून घ्यायचास आणि शेवटी विचारायचास, "बाबा, खड्ड्यातल्या माणसाच्या डोळ्यांत भुसा जात नव्हता का?" मला जन्मात तो प्रश्न पडला नव्हता. म्हणून तर तुझं नाव गिरमिट पडलं. दिसेल त्याला भोक पाडत सुटायचास.

आठ वर्षांत पहिलं पत्र लिहितोय आणि त्यात करवत आणतोय, हे बरं नव्हे. पण सुताराच्या तोंडी दुसरं काय येणार?

तुझा पत्ता वखारवाल्याने आणला. तुझ्या गावी लाकूड घ्यायला गेला होता, तिथे तुझा छोटा कारखाना पाहिला म्हणाला. कानशिलावरचे केस पांढरे झालेत, आणि जबडा डावीकडे जरा सरकलेला दिसतो, असंही म्हणाला. फोन नंबर मात्र घ्यायचा विसरला. हे सगळं त्याने आपल्या कारखान्याच्या दारात उभं राहून, ट्रकवाल्यांना असतो तसल्या आवाजात सांगितलं. पत्तासुद्धा. दारामागे जावई रंधा मारत होते. रंध्याचा आवाज थांबला.

म्हणून हे पत्र. जावयांच्या डाव्या हाताला अजून अंगठा आणि तर्जनी एवढंच आहे, तू गेलास तेव्हा होतं तेवढंच. बाकीची तीन तुझ्यामुळे गेली, हे ते एक दिवसही विसरलेले नाहीत. शर्टाचं बटण लावताना रोज आठवत असणार.

त्या दिवसाबद्दल आज काही लिहीत नाही. तुझी चूक झाली, माझा हात सुटला. फिटंफाट झाली असं मी धरून चालतो.

जपून राहा.

बाबा


बुधवार, १२ फेब्रुवारी

गिरमिट,

दहा दिवस झाले. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचून फाटलं असेल. दोन्ही मला चालेल.

इकडचं ऐक. काल जावयांनी ड्रिल फेकून मारलं. आपला तोच पॉलिशवाला, तीस वर्षं आपल्याकडे आहे, तू त्याच्या खांद्यावर बसून लाखेचा वास घ्यायचास. तो एवढंच म्हणाला, "शेठ, दोन बोटांत लाकूड नीट धरवत नाही, मी धरू का?" ड्रिल बॅटरीसकट त्याच्या भुवईवर बसलं. हाड दिसलं. ताईने टॉवेल दाबून धरला, तो भिजला, दुसरा धरला, तोही. पॉलिशवाला टॉवेलाखालून म्हणतो कसा, "डोळा राहिलाय ना? मग रंग ओळखता येईल." नऊ टाके पडले. आज कामावर आला. जावयांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पण दुपारी त्याच्या पुढ्यात चहाचा कप ठेवून गेले.

माणूस वाईट नाही रे. तुला माहीत आहे. तुझ्या ताईच्या लग्नात पंगतीला खुर्च्या कमी पडल्या तेव्हा नवरदेवाच्या कपड्यांत चार खुर्च्यांचे पाय ठोकून देणारा माणूस तो.

पण आज सकाळी त्यांनी माळ्यावरून पोतं उतरवलं. हो, तेच. त्यात तीच बॅटरीची करवत, त्यांची बोटं नेलेली. जुन्या बॅटऱ्या कधीच फुगल्या होत्या, त्या टाकून दिल्या होत्या. पण यंत्र ठेवलं होतं. आठ वर्षं का ठेवलं, मी कधी विचारलं नाही. आज बाकड्यावर बसून त्यांनी ते उघडलं. बारीक ब्रशने हवेच्या जाळीतला भुसा काढला. बॅटरीच्या खोबणीतल्या पितळी पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसल्या. पात्यावरचं खालचं गार्ड चारदा मागे ओढून सोडलं, स्प्रिंगने ते दरवेळी खटकन मिटतंय की नाही ते पाहिलं. नवं पातं बसवलं, पान्याने आवळलं, मग आणखी एकदा आवळलं. हे सगळं दोन बोटांच्या आणि पाच बोटांच्या हाताने, न चुकता, तू भिंतीवर खडूने लिहून ठेवलेल्या क्रमाने. ते अक्षर अजून पुसलेलं नाही. *काढा. दाबा. मग हात लावा.* बॅटरी काढा, एकदा ट्रिगर दाबून यंत्र मेलंय ना बघा, मग पात्याला शिवा. त्याखाली तुझं ते दुसरं: *बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका. ओल्या हाताने नको. उन्हात नको.* तू नवीन यंत्रं आणलीस तेव्हा लिहिलेलं.

नवी बॅटरी चार्जरला लावून ते ताईला म्हणाले, "माळ्यावरची बॅग काढून ठेव. शनिवारी मालाची पोच झाली की तुझ्या भावाकडे जाऊन येतो."

"कशाला?"

"तीन मोजून घ्यायची आहेत."

ताई हसली. तिला वाटलं, चेष्टा. मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

मला लहानपणची सवय, भीती वाटली की कविता आठवते. आज माझीच आठवली. आठवते का तुला? मी तरुण होतो तेव्हा कारखान्यात एकाचा हात ग्राइंडरवर असताना दुसऱ्याने प्लग लावला होता. मनगटापर्यंत सोललं गेलं. आमच्या उस्तादांनी प्लग लावणाऱ्याच्या पाठीत फळी मोडली. खरोखर मोडली, दोन तुकडे. त्या दिवसापासून रीत पडली: यंत्राला हात लावायचा तर वायरचा प्लग आपल्या खिशात. वायर खिशातून यंत्रापर्यंत सगळ्यांना दिसते. कुणी चुकूनही लावू शकत नाही. आणि मी शाळेच्या चालीवर जुळवलं:

प्लग ज्याच्या खिशामध्ये, पाते त्याच्या हाती,
बाकीच्यांनी दूर राहावे, हीच आमची रीती.

तू पाच वर्षांचा असताना हे म्हणत अंगणभर फिरायचास. खिशात दोरीचं टोक.

शनिवार २२ तारखेला पोच आहे. दाराला आतून कडी घालत जा. तुझ्या चुकीबद्दल मी तुला केव्हाच माफ केलंय, तेही सांगून ठेवतो.

बाबा


गुरुवार, २० फेब्रुवारी

गिरमिट,

तुझं कार्ड आलं. एका बाजूला माझा पत्ता, दुसऱ्या बाजूला एकच शब्द. "मग?"

ताईने विचारलं, "कुणाचं?" मी म्हटलं, "कसली तरी जाहिरात." बघ. अजूनही तोंडातून तेच निघतं.

कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून मी दिवसभर बसलो. हा प्रश्न तू आठ वर्षांपूर्वी विचारत होतास. मी तो पुरा होऊ दिला नव्हता. "माफ केलंय" लिहिणाऱ्या माझ्या हाताला लाज वाटायला हवी होती, पण हाताला लाज नसते. म्हणून आज लिहितो, सगळं, आणि खाडाखोड करत नाही.

त्या सकाळी करवतीच्या पात्यात ढलपी अडकली. पातंही बोथट झालं होतं. तू बॅटरी काढलीस, एक नंबरची. चारही बॅटऱ्यांवर तूच लाल रंगाने आकडे घातले होतेस. ट्रिगर दाबून पाहिलास. यंत्र मेलेलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "दाजी, बॅटरी माझ्या खिशात आहे. पातं सोडवून ठेवा, मी मागच्या खोलीतून नवं आणतो." आणि खिशावर थाप मारलीस. माझ्या रीतीने. माझ्या कवितेने.

ती कविता प्लगची होती रे. यंत्राला प्लग एकच असतो. तो खिशात, म्हणजे यंत्र मेलं. बॅटऱ्या चार होत्या. एक तुझ्या खिशात होती, तर तीन बाहेर होत्या. बाप-लेक-जावई, तिघेही सुतार, आणि एवढी साधी गोष्ट तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. रीत जुनी होती, बरी वाटत होती, आम्ही ती नव्या यंत्राला तशीच घातली. मोठ्याचा शर्ट धाकट्याला घालावा तशी.

मी चार्जरपाशी होतो. तीन नंबरचा दिवा हिरवा झाला. तू म्हणाला होतास, बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका. माझ्या डोक्यात त्याचं झालं होतं, यंत्राला उपाशी ठेवू नका. मी फिरत फिरत सगळ्यांना भरवायचो, हे तुला ठाऊक आहे. जेवणाच्या सुट्टीत ड्रिलला, संध्याकाळी करवतीला. तू चिडायचास, "बाबा, न विचारता लावत जाऊ नका." मी हसायचो.

बाकड्यावर करवत पडली होती. पोट रिकामं. जावई पाठमोरे उभे राहून चष्म्यावरचा भुसा पुसत होते. मी जाता जाता तीन नंबर तिच्यात सरकवली. टक.

आणि पुढे गेलो. मनात चौथीतली एक कविता घोळत होती, तिची तिसरी ओळ काही केल्या आठवत नव्हती. त्या ओळीच्या मागे मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. बाहेर ऊन छान पडलं होतं.

जावई वळले. त्यांनी खोबणीकडे पाहिलं नाही, कशाला पाहतील? तुझी थाप त्यांनी ऐकली होती. करवत उलटी धरली, उजव्या मुठीत दांडा आवळला, डाव्या हाताने गार्ड मागे ओढलं आणि ढलपी उपटायला बोटं आत घातली. जोर लावताना मूठ आवळली गेली. अंगठ्याखाली सुरक्षेचं बटण, बोटाखाली ट्रिगर.

पात्याचा आवाज मी जन्मभर ऐकलाय. लाकडात शिरताना तो खाली उतरतो. मांसात उतरत नाही. हाडाशी जरा अडखळतो, बस. मी वळलो तेव्हा समोरच्या भिंतीवर, तुझ्या खडूच्या अक्षरांवर, लाल फवारा होता. मधलं बोट माझ्या चपलेपाशी येऊन पडलं. जावई ओरडत नव्हते. ते आपल्या हाताकडे पाहून "अरे? अरे?" एवढंच म्हणत होते, कुणी चेष्टा केल्यासारखं. मग खाली कोसळले आणि मग ओरडले.

तू धावत आलास. एका हातात नवं पातं, दुसऱ्यात बॅटरी. "ही बघा! ही माझ्या खिशात होती! इथे आहे! मग…"

तू करवतीकडे पाहिलंस. तिच्या पोटात लाल तीन. मग चार्जरकडे. तीनची जागा रिकामी. मग माझ्याकडे. तुझे डोळे फिरत फिरत आत शिरत होते, खरं गिरमिट लाकडात शिरतं तसे. बाकड्यावर पटाशी ठोकायची लाकडी मोगरी होती.

सगळे म्हणतात, बापाचा संताप. जावयाचं रक्त पाहून म्हाताऱ्याचा तोल गेला. नाही गेला. मी पूर्ण शुद्धीवर होतो. मी तुझ्या तोंडावर नेम धरला. पहिल्या घावाला तू पडला नाहीस, अजून काहीतरी बोलायला बघत होतास, ओठातून दात गळत होता, म्हणून दुसरा घातला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. आणि मी ओरडलो, "ह्यानेच दुसरी लावून ठेवली! दोन दोन बॅटऱ्या घेऊन फिरतो, कुठली काढली तेही कळत नाही!" दारातून ताई आत आली, तिने तेच ऐकलं. जावयांनी जमिनीवरून तेच ऐकलं.

सहा आठवडे तुझा जबडा तारेने बांधलेला होता. तेवढ्या दिवसांत माझं खोटं सरसासारखं वाळून पक्कं झालं. तुला कागदावर लिहून दाखवता आलं असतं. पेन उशाशी होतं. तू लिहिलं नाहीस. तार सुटली त्या दिवशी कपडे घेतलेस आणि गेलास.

ही झाली तुझ्या "मग"ची पुढची ओळ.

परवा शनिवार. मालाची गाडी गेली की जावयांना मी हेच सांगणार आहे. तुझ्या दारात ते जाण्याआधी माझ्याकडे येऊ देत.

बाबा


रविवार, २३ फेब्रुवारी

गिरमिट,

डाव्या हाताने कागद धरता येत नाही, म्हणून अक्षर वाकडं आहे. बोटं आहेत. पाचही आहेत, आधी तेच सांगतो.

काल दुपारी गाडी गेली. माणसं जेवायला गेली. जावई एकटेच बाकड्यापाशी होते, बॅग भरून पायाशी ठेवलेली. मी जाऊन स्टुलावर बसलो आणि सांगितलं. गुरुवारी तुला लिहिलं तेच, त्याच क्रमाने. खिडकी आणि कवितेची तिसरी ओळसुद्धा.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर बाकड्यावरचा भुसा फुंकला. मग उठून शटर खाली ओढलं.

माझा डावा हात धरला आणि बाकड्याच्या शिकंज्यात घातला. पालथा, बोटं बाहेर. दांडा फिरवून आवळला. मी हात ओढला नाही. खरं सांगायचं तर ओढला, पण तोवर उशीर झाला होता.

त्यांनी बॅगेतून करवत काढली.

"माझी कुठली गेली? म्हणा."

"मधलं."

"पुढे."

"अनामिका. करंगळी."

"असं नाही, सासरेबुवा. चालीत म्हणा. तुम्हाला येतं ना चालीत?"

मी म्हटलं. काय करणार? माझ्या त्या दोन ओळी म्हटल्या, प्लग ज्याच्या खिशामध्ये. आवाज चौथीतल्या पोरासारखा निघत होता. त्यांनी दोन बोटांच्या हाताने गार्ड मागे ओढलं आणि पातं माझ्या मधल्या बोटाच्या सांध्यावर टेकवलं. दात टोचले. मी डोळे मिटले. त्यांनी बटण दाबलं, ट्रिगर ओढला.

खट्. एवढंच. पुन्हा खट्.

मी डोळे उघडले. त्यांनी शर्टाच्या खिशातून बॅटरी काढून माझ्या नाकासमोर धरली. "माझ्या खिशात आहे," ते म्हणाले. "हे ऐकून मी हात घातला होता. माझ्या मेव्हण्याच्या शब्दावर घातला होता. तो शब्द खरा होता. आठ वर्षं मी रोज त्याला मारत आलो, मनात, ह्या हाताने. आणि त्याचा शब्द खरा होता."

मग त्यांनी बॅटरी सरकवली. टक. तो आवाज, बाबा रे.

भिंतीवर मोगरी टांगलेली असते, तुला माहीतच आहे ती कुठली. मी ती कधी टाकली नाही आणि कधी वापरलीही नाही. त्यांनी ती ओढून घेतली, माझ्या बोटांना लावून ठेवली, गुडघ्याने दाबली आणि करवत चालवली. पहिला काप माझ्या करंगळीपासून दोन बोटांच्या अंतरावर. मग एका बोटाच्या. मग त्याहून जवळ. चिरलेल्या लाकडाच्या चकत्या माझ्या छातीवर, तोंडावर आपटत होत्या, एक गालात घुसली. मी ओरडत होतो ते मला ऐकू येत नव्हतं, फक्त घसा फाटल्याचं कळत होतं. मोगरी संपली तेव्हा त्यांनी ट्रिगर सोडला, पातं पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली, गार्ड मिटलं की नाही ते पाहिलं आणि करवत बॅगेत ठेवली. बॅटरी काढली की नाही, माझ्या डोळ्यांत भुसा होता, दिसलं नाही.

शटर वर करून ते गेले. स्टेशनच्या रस्त्याने. मला शिकंज्यातच ठेवून.

ताई जेवायला बोलवायला आली. तिने आधी गालातली ढलपी काढली, मग दांडा फिरवायला घेतला. "कुणी केलं हे? त्यांनी? का?" मी सांगितलं. सैल होत आलेला शिकंजा तिच्या हातात थांबला.

"सहा महिने मी माझ्या नवऱ्याला भरवलं," ती म्हणाली. "भुशातून अंगठी मी शोधली, बाबा. बोटासकट. आणि आठ वर्षं मी माझ्या भावाचं नाव घरात काढू दिलं नाही."

आणि तिने दांडा उलटा फिरवला. एक आटा, पूर्ण. माझी तर्जनी कुठेतरी आत मोडली. मग ती शिकंज्यावर डोकं ठेवून रडली, आणि मग सोडवलं.

जावयांचा फोन बंद आहे. ताईने चाळीसदा लावला. पोलिसांना सांगू का, म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, काय सांगणार? नवरा अवजार घेऊन मेव्हण्याकडे गेलाय? चार्जरची जागा रिकामी आहे. बॅटरी ते घेऊन गेलेत. तुझी माफी मागायला माणूस करवत कशाला नेईल? आणि तुला मारायला जायचं तर आता कारण काय उरलं? मला काही कळत नाही. रागाला आठ वर्षं जुनी वाट आहे, पाय आपसूक तिकडेच वळत असतील.

हे पत्र पोचेल तेव्हा ते येऊन गेलेले असतील. तरी लिहितोय. दार उघडू नकोस. किंवा उघड. मला आता कुणाला काही शिकवायचा अधिकार नाही.

बाबा


गुरुवार, २७ फेब्रुवारी

गिरमिट,

चार दिवस झाले. तर्जनीला पट्टी बांधलीय. ताई माझ्याशी बोलते, पण "पाणी", "औषध", "जेवण", असे सुटे शब्द. मध्ये क्रियापद आलं की तिचा आवाज फाटतो.

काल मी कारखान्यात जाऊन तुझ्या भिंतीवरच्या अक्षरांखाली एक ओळ लिहिली. उजव्या हाताने, खडूनेच. *सगळ्या मोजा.* वृत्तात बसत नाही. यमकही नाही. पॉलिशवाला मागे उभा होता, भुवईवर टाके. म्हणाला, "एवढंच? तुमची कविता असते ना दोन ओळींची?" मी म्हटलं, "ह्यावेळी एवढीच आली." तो म्हणाला, "बरी आहे. कळते तरी."

कोणीतरी कडी वाजवतंय. ताई मागे आहे. बघून येतो.

बघून आलो. ती दारात उभी असतानाच हे लिहितोय.

एक बाई. तिशी-पस्तिशीची, प्रवासाने मळलेली, खांद्याला कॅनव्हासची जड पिशवी. मी कधी पाहिलेली नाही. मला वाटलं, काही विकायला आली. म्हणाली, "तुम्हीच बाबा ना? गाल बघून ओळखलं. दाजींनी सांगितलं होतं, डाव्या गालाला भोक असेल."

मी विचारलं, "तू कोण?"

"तुमची सून. सहा वर्षं झाली." मग म्हणाली, "तुमची पत्रं मी वाचते. मोठ्याने. ते ऐकत नाहीत असं दाखवतात आणि रंधा थांबवून ऐकतात. कार्ड मात्र त्यांनी स्वतः लिहिलं."

ताई धावत आली. तिने विचारलं ते मला विचारता आलं नसतं. "आहेत का दोघं? जिवंत आहेत का?"

"आहेत की. रविवारी दाजी आले. दार ह्यांनीच उघडलं. दाजींनी बॅग खाली ठेवली आणि ह्यांच्या पायाला हात लावायला वाकले. ह्यांना वाटलं, बॅगेतून काही काढताहेत. ह्यांनी लाथ घातली. मग काय, अंगणभर हाणामारी. ह्यांची एक बरगडी गेली, दाजींचं नाक. मी दोघांवर बादली ओतली तेव्हा थांबले. मग दाजींनी सगळं सांगितलं. ह्यांना माहीतच होतं म्हणा." तिने नाक ओढलं. "आता दाजींच्या पंज्यात बसेल असा दांडा करताहेत त्या करवतीला. दोन दिवस झाले. एकमेकांशी अजून नीट बोलत नाहीत. 'कानस दे', 'घे', एवढंच."

मी विचारलं, "त्याने तेव्हा कागदावर का नाही लिहिलं?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, बाबांच्या तोंडून निघायला हवं होतं."

तिने पिशवी उंबऱ्यावर टेकवून उघडली. आत बॅटऱ्या. पाच. प्रत्येकीच्या तोंडावर चिकटपट्टी, वाटेत एकमेकींना लागून ठिणगी उडू नये म्हणून. एक आपली नवी, चार तुझ्या कारखान्यातल्या.

"दोघांनी मिळून दिल्यात. म्हणाले, घरात एकही ठेवायची नाही. तुमच्यासमोर मोजायच्या. आता तिथे कुणीही कुणाच्या अंगावर एकही यंत्र चालवू शकत नाही. तुम्ही याल तेव्हाच ह्या परत घेऊन यायच्या, तुम्ही स्वतः, तुमच्या हाताने."

मी म्हटलं, "आत ये, बाळा. बस. पाणी घे."

ती आत येत नाही. उंबऱ्याबाहेर उभी आहे, पिशवीचा पट्टा हाताला गुंडाळून. ताई आतून माझ्या चपला घेऊन आलीय आणि तिनेही त्या खाली ठेवलेल्या नाहीत. दोघी माझ्याकडे बघताहेत, आणि मी हे लिहीत बसलोय, म्हणजे अजून पहिल्या बाकावरच आहे.

"गाडी दुपारची आहे," ती म्हणतेय. "मग?"